इंग्रजीचे बारकावे : ‘पुट ऑफ’

परवां एका स्नेह्यांच्या घरीं परदेशीं असलेल्या नातवाचा निरोप आला : ‘वुई हॅव पुट ऑफ द वेडिंग.’ आजोबांनीं ‘ऑफ’ म्हणजे ‘दूर’ असा अर्थ लावून लग्न मोडल्याचें सांगितलें. घरांत कोणाच्या घशाखालीं घांस उतरेना; आजींनीं देव पाण्यांत ठेवले. सायंकाळीं धाकट्या सूनबाई कचेरींतून परतल्या, तेव्हां उलगडा झाला. लग्न मोडलें नव्हतें, केवळ पुढें ढकललें होतें. मोडलें असतें तर नातवानें ‘कॉल्ड ऑफ’ असें लिहिलें असतें.

क्रियापदाला असें एखादें लहानसें अव्यय जोडलें म्हणजे त्याचा मूळ अर्थ पुष्कळदां पार पालटतो. परकीयांना ह्याच रचनेची फार मोठी अडचण पडते, असें डॉ. जॉन्सन ह्यांनीं १७५५ सालच्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेंत नमूद केलें आहे. अशा क्रियापदांचें ‘फ्रेझल व्हर्ब’ हें नांव लोगन पिअरसॉल स्मिथ ह्यांच्या १९२५ सालच्या पुस्तकांत आढळतें. आपल्याला हा प्रकार अगदींच नवखा नाहीं. ‘सांगून टाकलें’ असें आपण म्हणतों, तेव्हां कोणीं कांहीं फेकलेलें नसतें!

‘पुट ऑफ’चा मुख्य अर्थ लांबणीवर टाकणें हा होय. येथें दोन गोष्टी लक्षांत ठेवाव्यात. सर्वनाम आलें तर तें मध्यें बसतें : ‘पुट इट ऑफ’, ‘पुट ऑफ इट’ नव्हे. पुढें दुसरें क्रियापद आलें तर त्याचें ‘इंग’युक्त रूप योजावें : ‘ही पुट ऑफ गोइंग’, ‘पुट ऑफ टु गो’ हें अशुद्ध.

कर्म मनुष्य असेल तर अर्थ बदलतो. ‘ही पुट मी ऑफ विथ अॅन एक्स्क्यूज’ म्हणजे त्यानें कांहीं सबब सांगून मला वाटेला लावलें. ‘द स्मेल पुट मी ऑफ माय फूड’ म्हणजे त्या वासानें माझी अन्नावरची वासनाच उडाली. विजेचा दिवा मालवणें ह्या अर्थींहि ‘पुट ऑफ’ चालतें. परंतु आग विझविणें असेल तर ‘पुट आउट’च म्हणावें.

आतां ह्याच्या उलट, कार्य अलीकडे आणावयाचें असेल तर? आपल्याकडे सर्रास ‘प्रीपोन’ म्हणतात. पण इंग्लंडांत तो शब्द फारसा प्रचारांत नाहीं. तेथें ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणावें.

असो. घरच्या वडीलधाऱ्यांस अशा बातम्या कळवितांना तरुणांनीं एक पथ्य पाळावें : कार्य पुढें ढकललें असेल तर त्याच ओळींत नवी तारीख लिहावी. ‘पुट ऑफ अंटिल मे’ एवढें जरी नातवानें लिहिलें असतें, तरी आजींचे देव त्या दिवशीं देव्हाऱ्यांतच राहिले असते.