जीवशास्त्राला पूर्ण वर्षं द्या

कमल समर्थ यांनी डॉक्टर व्हावं, अशी त्यांच्या वडिलांची इच्छा होती. त्यांनी मात्र १९३४ साली पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं. सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांवर एम.एस्सी. केलं. पुढे कमल रणदिवे या नावाने त्यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. सीताफळाकडून कर्करोगाकडे त्या कशा गेल्या? सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघायची सवय दोन्हीकडे तीच लागते.

सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. पहिल्या वर्षाला रणदिवेबाईंची गोष्ट आवर्जून सांगते, कारण समोरची बरीच मुलं नीटमध्ये मार्क कमी पडले म्हणून आलेली असतात. काही तर आलेलीच नसतात. नाव आमच्याकडे, क्लास कोटा-लातूरला. पालक विचारतात, "मॅडम, ह्यात स्कोप काय?" हा प्रश्न रास्त आहे. पण पाठोपाठ म्हणतात, "तशी ती रिपीटच करणार आहे, नुसती ॲडमिशन असू दे." या वाक्याने त्या मुलीचं किती नुकसान होतं, हे मला पालकांना कळवळून सांगावंसं वाटतं.

कारण हात तयार होतात ते पहिल्याच वर्षी. कांद्याच्या मुळाचं टोक घ्यायचं, ॲसिटोकार्माइनमध्ये रंगवायचं, काचपट्टीवर ठेवून वर कव्हरस्लिप, मग टिपकागद आणि अंगठ्याने नेमका दाब. कव्हरस्लिप सरकली की सगळं गेलं. पहिल्या खेपेला कुणालाच जमत नाही. जमतं तेव्हा विभागणारी पेशी दिसते, आणि पुस्तकात सुटीसुटी काढलेली गुणसूत्रं प्रत्यक्षात किती गुंतलेली असतात ते कळतं. कासच्या पठारावर मुलं गुडघे टेकून भिंगातून ड्रोसेरा या कीटकभक्षी वनस्पतीच्या चिकट केसांत अडकलेला किडा पाहतात. तिथे काही तोडायचं नसतं, म्हणून वहीत जागेवरच चित्र काढायचं आणि नोंद करायची. नीट बघणं, बघितलं तेच लिहिणं आणि न कंटाळता पुन्हा करणं ही या विषयाची खरी कमाई आहे.

स्कोपचं विचाराल तर पाटण तालुक्यातली माझी एक विद्यार्थिनी केळीच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये आहे. तिथे दिवसभर लॅमिनार फ्लो या निर्जंतुक हवेच्या कपाटासमोर बसून रोपांचे तुकडे नव्या बाटलीत घालायचे असतात, आणि एक बुरशीचा कण आत गेला तर ती बाटली फेकावी लागते. जालन्यात बियाण्यांच्या कंपन्या आहेत. औषध कंपन्यांना गुणवत्ता तपासणीसाठी सूक्ष्मजीवशास्त्राची मुलं लागतात. भारतीय वन सेवेच्या परीक्षेला पदवीत जे विषय चालतात, त्यांत वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र दोन्ही आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने २०२० मध्ये कोरोनाचा विषाणू वेगळा करून वाढवला. विषाणू वाढतो जिवंत पेशींत, त्यामुळे या कामाला पेशी जोपासणारी माणसं लागतातच.

यात पैसा किती, हेही सांगितलं पाहिजे. नुसत्या बी.एस्सी.वर सुरुवातीचा पगार कमी असतो, आणि घरची ओढाताण असलेल्या मुलाला तो पुरत नाही. एम.एस्सी. जवळपास करावीच लागते. त्यासाठी आयआयटींची 'जॅम' आणि जैवतंत्रज्ञानासाठी 'गॅट-बी' अशा परीक्षा आहेत. आमच्याकडच्या कितीतरी मुलांना ही नावं तिसऱ्या वर्षी कळतात, तोवर अर्जाची तारीख गेलेली असते. पुढे नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये मिळतात. चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी पूर्ण करणाऱ्याला आता एम.एस्सी.शिवायही पीएच.डी.कडे जाता येतं. वाट लांब आहे, पण ती आहे.

मात्र दोष फक्त पालकांना देणं अन्यायाचं होईल. कित्येक महाविद्यालयांत प्रात्यक्षिक म्हणजे जर्नल भरणं उरलं आहे. मागच्या बॅचचं जर्नल उतरवून काढायचं, सही घ्यायची आणि परीक्षेला बसायचं. यूजीसीने २०१४ मध्ये प्राण्यांचं विच्छेदन थांबवलं, ते योग्यच झालं. पण त्या रिकाम्या तासांत मुलांना ओढ्यावर, शेतात, गोठ्यात नेऊन जिवंत प्राणी पाहायला शिकवता आलं असतं. अनेक ठिकाणी भिंतीवरचा तक्ताच तेवढा दाखवला गेला. भरती रखडल्यामुळे तासिका तत्त्वावरचे शिक्षक वर्ष रेटतात. तासाला पैसे मिळणाऱ्या त्या तरुण शिक्षकाने रविवारी स्वखर्चाने मुलांना रानात न्यावं, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

म्हणून शासनाकडे मागणं आहे: जीवशास्त्राच्या विभागांतली शिक्षकांची आणि प्रयोगशाळा परिचरांची पदं आधी भरा, आणि क्षेत्रभेटीसाठी दर वर्षी वेगळी रक्कम द्या. प्राचार्यांनी हजेरी खरी लावावी, मग ते मूल नीटच्या क्लासला जाणारं असलं तरी. आणि पालकांनी मुलीला प्रवेश घेऊन द्यायच्या आधी महाविद्यालयाची प्रयोगशाळा आत जाऊन बघावी. एका बॅचला चालू स्थितीतले सूक्ष्मदर्शक किती आहेत ते मोजावं, आणि गेल्या वर्षी मुलं बाहेर कुठे गेली होती ते तिथल्या मुलांनाच विचारावं.