भरती आली की मुंबईचं पाणी थांबणार कुठे? पंपांइतकीच मोकळी जागाही का महत्त्वाची?

दर पावसाळ्याआधी मुंबई महापालिका एक यादी जाहीर करते. समुद्राला साडेचार मीटरपेक्षा उंच भरती कोणत्या दिवशी आणि किती वाजता येणार, हे त्यात दिलेलं असतं. वर्तमानपत्रं ती छापतात, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर ती फिरते. त्या दिवशी पाऊस किती पडेल हे यादीत कुठेच नसतं. तरीही लोक ती जपून ठेवतात, कारण मुंबईत पाणी तुंबणार की नाही हे पावसाबरोबर समुद्रही ठरवतो.

भरतीचा आणि तुंबण्याचा संबंध काय?

सात बेटांमधल्या खाड्या आणि दलदली बुजवून जुनी मुंबई उभी राहिली. त्यामुळे शहराचा बराच भाग सपाट आणि सखल आहे. पावसाचं पाणी गटारं, नाले आणि नद्यांमधून समुद्रात किंवा खाडीत सोडलं जातं. ते जिथून बाहेर पडतं त्या तोंडांना पातमुखं म्हणतात. मुंबईतली बहुतेक पातमुखं भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत.

ओहोटी असताना पाणी आपोआप वाहून जातं. भरती आली की बाहेरची पातळी आतल्यापेक्षा उंच होते आणि समुद्राचं पाणीच नाल्यात शिरू पाहतं. ते अडवायला दरवाजे बंद केले, तर आतलं पावसाचं पाणीही अडकतं. त्या दोन-तीन तासांत मुसळधार पाऊस झाला, तर हिंदमाता, परळ, किंग्ज सर्कल, मिलन सबवे ही नेहमीची नावं टीव्हीवर दिसू लागतात.

२६ जुलै २००५ रोजी हेच सर्वात भीषण स्वरूपात घडलं. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दुपारी समुद्राला मोठी भरती होती.

मग पंप कशासाठी बसवले?

ब्रिटिशकालीन गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेली होती, तीही ओहोटी गृहीत धरून. १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ही क्षमता ताशी ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याची शिफारस केली. या कामाला खरा वेग २००५ नंतर आला. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध इथे उदंचन केंद्रं उभी राहिली. इथला एकेक पंप सेकंदाला ६,००० लिटर पाणी भरतीच्या विरोधात समुद्रात फेकू शकतो.

या केंद्रांमुळे फरक पडला, हे नाकारता येत नाही. पण पंप फक्त त्याच्यापर्यंत पोहोचलेलं पाणी उपसतो. सपाट शहरात नाल्यांना उतार जेमतेम असतो. त्यात गाळ आणि प्लास्टिक साचलं की पाणी वाटेतच थांबतं. त्यामुळे पंप पूर्ण क्षमतेने चालू असतानाही दोन किलोमीटरवरच्या चौकात गुडघाभर पाणी असू शकतं.

‘हरित पायाभूत सुविधा’ म्हणजे नेमकं काय?

पावसाचं पाणी शक्य तितक्या लवकर पाइपात ढकलण्याऐवजी ते पडलं तिथेच जिरवायचं किंवा थोपवून धरायचं, अशी ही कल्पना आहे. तळी, पाणथळ जागा, खारफुटी, खोलगट बागा, पाणी झिरपणारे पदपथ, झाडांभोवतीची मोकळी माती हे सगळं त्यात येतं.

इथे एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. सगळीकडे माती मोकळी केली की पाणी जिरेल, हे सपाट किनारी शहराला पूर्णपणे लागू होत नाही. जुलैच्या मध्यापर्यंत मुंबईची जमीन आधीच भिजलेली असते. भराव घालून तयार केलेल्या भागात भूजल जमिनीलगत असतं. भिजलेला स्पंज आणखी किती पाणी पिणार? म्हणून इथे हरित सुविधेचं मुख्य काम आहे भरती ओसरेपर्यंत पाणी धरून ठेवणं. भरतीकडून ओहोटीकडे जायला साधारण सहा तास लागतात. तेवढ्या वेळेपुरती पाण्याला जागा हवी.

हिशेब सोपा आहे. एक हेक्टरचं मैदान फूटभर खोलगट केलं, तर त्यात सुमारे ३० लाख लिटर पाणी मावतं. म्हणजे सहा हेक्टर परिसरात पडलेला ५० मिलिमीटर पाऊस ते एकटं सांभाळू शकतं. उदंचन केंद्रातला एक पंप हेच पाणी आठ-नऊ मिनिटांत उपसेल. त्यामुळे मैदान पंपाची जागा घेऊ शकत नाही. पण पंप शहराच्या टोकाला असतो आणि मैदान पाणी तुंबतं त्या वस्तीत असू शकतं.

हा प्रयोग कुठे झाला आहे का?

त्यासाठी फार लांब जायला नको. खाडीपलीकडे नवी मुंबई वसवताना सिडकोसमोर हाच प्रश्न होता, कारण वाशी, बेलापूरसारख्या भागांतली जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली होती. सिडकोने डच पद्धतीचे धारण तलाव बांधले. वस्तीतलं पावसाचं पाणी आधी तलावात येतं. तलावाच्या खाडीकडच्या तोंडाला एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. भरतीत खाडीच्या दाबाने त्या मिटतात आणि पाणी तलावात साठत राहतं. ओहोटी लागली की त्या उघडतात आणि तलाव रिकामा होतो.

अडचण देखभालीची झाली. वर्षानुवर्षं तलावांत गाळ साचला आणि त्या गाळात खारफुटी उगवली. गाळ काढायचा तर खारफुटीला हात लागणार. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार खारफुटीची तोड केवळ सार्वजनिक हिताच्या कामासाठी आणि न्यायालयाच्या परवानगीनेच करता येते. त्यामुळे गाळाचं काम वर्षानुवर्षं रखडलं आणि तलावांत पाणी मावण्याची जागा कमी होत गेली.

न्यायालयाचं संरक्षण गरजेचंच आहे, कारण किनाऱ्यावर खारफुटी लाटांचा जोर मोडते आणि काठाची माती धरून ठेवते. पण धारण तलावाचं पोट रिकामं राहिलं नाही, तर तो तलाव नावापुरताच उरतो. गाळ दरवर्षी थोडाथोडा निघाला असता, तर हा पेच इतका वाढला नसता.

मुंबईत आता जागा उरली आहे का?

थोडी आहे, आणि खरा वाद तिच्यावरच आहे. पूर्व उपनगरांतली मिठागरं सखल आणि मोकळी आहेत, तिथे पावसाचं पाणी पसरू शकतं. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंडमधली सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी घेण्यास मंजुरी दिली. पूर्व द्रुतगती महामार्गामुळे तिथे आता समुद्राचं पाणी येत नाही, असं प्रकल्पाच्या बाजूने सांगितलं जातं. पण समुद्राचं पाणी थांबलं म्हणून पावसाचं थांबत नाही. भराव पडला की तिथे थांबणारं पाणी शेजारच्या सखल वस्तीकडे वळू शकतं. घरांची गरज खरी आहे. म्हणूनच ती बांधताना तेवढंच पाणी धरणारी जागा राखली जाणार का, हा प्रश्न विचारायला हवा.

दाट वस्तीतही मार्ग निघतो. हिंदमातासाठी महापालिकेने दादरचं प्रमोद महाजन उद्यान आणि परळचं सेंट झेवियर्स मैदान यांच्याखाली भूमिगत टाक्या बांधल्या. भरतीत पाणी त्यांत साठवायचं आणि नंतर सोडायचं. तत्त्व तेच, फक्त काँक्रीटमध्ये. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमने २०१३ मध्ये हेच उघड्यावर केलं. तिथला बेंथेमप्लाइन चौक एरवी खेळायचं मैदान असतो आणि जोराच्या पावसात सुमारे १७ लाख लिटर पाणी धरतो.

याच्या मर्यादा काय?

९४४ मिलिमीटर पावसापुढे कोणतीही बाग किंवा मैदान पुरेसं ठरणार नाही. साठलेलं पाणी एक-दोन दिवसांत सोडलं नाही, तर डासांची पैदास होते. खाडीकाठी खारं पाणी सोसणारीच झाडं लावावी लागतात. गाळ आणि कचरा तर दरवर्षी काढावाच लागतो, आणि त्याचं उद्घाटन कुणी करत नाही.

हिंदमाताजवळच्या दुकानदाराला किंवा बैठ्या चाळीत राहणाऱ्या कुटुंबाला अशा क्वचित येणाऱ्या प्रलयापेक्षा दरवर्षी चार-पाच वेळा घरात शिरणारं वीतभर पाणी जास्त महागात पडतं. गाद्या, धान्य, फ्रिजची मोटर, बुडालेली रोजी यांचा हिशेब कुठल्याही अहवालात नसतो. भरतीच्या वेळी वस्तीजवळ पाण्याला थोडी जागा मिळाली, तर यातलं बरंच नुकसान टळू शकतं. भरतीची यादी महापालिकेकडे महिने आधीच तयार असते. त्या वेळी प्रत्येक वॉर्डातलं पाणी कुठे थांबणार, हेही तिच्याशेजारी छापलं जायला हवं.