२२० रुपयांची कॅपुचिनो: कॉफीचे पैसे किती, खुर्चीचे किती?

पुण्यात उडप्याच्या हॉटेलात फिल्टर कॉफी घेतली तर ज्या पैशांत चार-पाच जणांची सोय होते, तेवढ्यात नव्या कॉफी शॉपमध्ये एक कप येतो. कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, औंध, बाणेर आणि आता कोथरूड, प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांतही अशी दुकाने दिसतात. कुठल्याही साखळीचा भाग नसलेली, मालक स्वतः काउंटरमागे उभा असलेली. कॅपुचिनो साधारण १८० ते २८० रुपये, पोअर ओव्हर २२० ते ३५०. वर ५ टक्के जीएसटी.

यावर दोनच प्रतिक्रिया ऐकू येतात. एक, ‘ही शुद्ध लूट आहे’. दुसरी, ‘क्वालिटीचे पैसे असतात’. दोन्ही अर्धवट आहेत. या दुकानात तुम्ही दोन वस्तू विकत घेता, एक कॉफी आणि दुसरी खुर्ची. मेन्यूवर मात्र भाव एकच छापलेला असतो. गैरसमजाचे मूळ तिथे आहे.

हिशेब मांडून बघू

एका कॅपुचिनोत डबल शॉट, म्हणजे साधारण १८ ग्रॅम कॉफी पावडर लागते. दुकानदाराला भाजलेली चांगली बी किलोला १,२०० रुपयांनी पडते असे धरू. कॉफी झाली २२ रुपयांची. दीडशे मिली दूध ११ रुपयांचे. साखर, टिश्यू, धुलाई मिळून ७. एकूण ४० रुपये.

मग उरलेले १८० रुपये गेले कुठे? समजा दुकानात २० खुर्च्या आहेत. भाडे महिना दीड लाख, चार कर्मचाऱ्यांचे पगार ८० हजार, वीज, मशिनचा हप्ता आणि किरकोळ खर्च ६० हजार. म्हणजे दिवसाला सुमारे ९,७०० रुपये, खुर्चीमागे ४८५. दुकान बारा तास उघडे असले तरी प्रत्येक खुर्ची सरासरी सहा तासच भरलेली असते. थोडक्यात, भरलेली खुर्ची तासाला ८० रुपये खाते.

१८० भागिले ८०. सव्वादोन तास.

आकडे गृहीत धरलेले आहेत. गल्ली बदलली की भाडे बदलेल, सोबत सँडविच मागवले की गणित सुधारेल. पण चित्र साधारण असेच राहते. एका कॅपुचिनोवर लॅपटॉप उघडून तीन मीटिंग उरकणारा ग्राहक तिसऱ्या तासाला दुकानाच्या खिशातून बसलेला असतो. आणि दहा मिनिटांत कप संपवून उठणारा ग्राहक त्याच्या खुर्चीचे भाडे भरत असतो. लूट होतच असेल तर ती या दुसऱ्या ग्राहकाची.

दुकानदार यावर काय करतो? वायफायचा पासवर्ड तासाभराने बंद, चार्जिंगचे सॉकेट झाकलेले, एसी जरा जास्त गार. सरळ बोलायचे नाही, एवढेच ठरलेले. ज्या शहरात दुपारी एक ते चारच्या पाट्यांवर विनोद होतात, तिथे एक साधी पाटी लावायला कॉफीवाले का लाजतात, हे कोडेच आहे.

भाव वाढले, ते का?

यात बीचाही वाटा आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात अरेबिका कॉफीने पाउंडाला ४ डॉलरची पातळी ओलांडली. किलोला साधारण साडेसातशे रुपये, तेही कच्च्या बीचे. ब्राझीलमधला दुष्काळ हे त्यामागचे मोठे कारण. भाजताना बीचे वजन सुमारे १५ टक्के घटते, तो तोटा वेगळा. आपल्याकडची बहुतेक कॉफी कर्नाटकातून येते, चिकमगळूर आणि कोडगूच्या मळ्यांतून. मळा ओळखीचा असला तरी भाव जगाच्या बाजाराकडे बघूनच ठरतो.

तरीही १८ ग्रॅमच्या हिशेबात बी दीडपट महाग झाली तर कपामागे ११ रुपयेच वाढतात. ४० रुपयांच्या वाढीला ब्राझीलचे नाव सांगणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारायला हरकत नाही.

मग त्या कपात वेगळे काय?

फिल्टर कॉफीत बहुतेक ठिकाणी चिकोरी असते. कायद्याने कॉफी-चिकोरी मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी हवी, म्हणजे उरलेली जवळपास निम्मी पावडर चिकोरीची असू शकते. तिची घट्ट, कडसर चव आपल्या जिभेला सवयीची आहे आणि त्यात कमीपणाचे काही नाही. नव्या दुकानांत चिकोरी नसते. बी हलकी किंवा मध्यम भाजलेली असते. म्हणून पहिल्या घोटाला अनेकांना ‘आंबट लागतेय’ असे वाटते. कॉफी नासलेली नसते. कॉफी हे मुळात फळाचे बी आहे आणि कमी भाजल्यावर त्याचा आंबटपणा शिल्लक राहतो. कडक चवीची सवय असेल तर ‘डार्क रोस्ट आहे का’ एवढे विचारावे. दूध हवे असेल तर कॅपुचिनो किंवा फ्लॅट व्हाइट. फ्लॅट व्हाइटमध्ये फेस कमी, कॉफीची चव पुढे. पोअर ओव्हर म्हणजे कागदी फिल्टरवर हाताने गरम पाणी ओतत तीन-चार मिनिटांत काढलेली बिनदुधाची कॉफी. महाग असते, कारण तेवढा वेळ एक माणूस तुमच्या एका कपासाठी अडकतो. कोल्ड ब्रू बारा-अठरा तास पाण्यात भिजवून काढतात. आइस्ड अमेरिकानो मात्र एस्प्रेसोत पाणी आणि बर्फ घालून मिनिटभरात होते. काही मेन्यूंवर दोन्हींचा भाव जवळपास सारखा असतो. तिथे कोल्ड ब्रू घेतलेली बरी.

हे सगळे समजावून सांगणारा मुलगा किंवा मुलगी काउंटरवर असणे, हीच स्वतंत्र दुकानांची खरी जमेची बाजू आहे. विचारले तर बी कुठल्या मळ्याची, कधी भाजली, हे ते सांगतात. कप जमला नाही असे नीट सांगितले तर चांगल्या दुकानात दुसरा करून मिळतो. मेन्यू मात्र इंग्रजीतच. पाटी मराठीत लावणे २०२२च्या दुरुस्तीनंतर छोट्या दुकानांनाही बंधनकारक झाले, म्हणून बाहेर नाव देवनागरीत झळकते. आत गेल्यावर सगळा रोमन कारभार.

दोन दर का नकोत?

इटलीत कॉफी काउंटरशी उभे राहून प्यायली तर स्वस्त, टेबलावर बसून प्यायली तर महाग. दरपत्रकावर दोन्ही भाव असतात आणि कोणी वाईट वाटून घेत नाही. पुण्याला तर हे शिकायला इटलीला जायची गरजच नाही. अमृततुल्यात माणूस उभ्याने चहा पितो, पैसे देतो, निघतो. म्हणूनच तो चहा तेवढ्यात परवडतो.

वरच्याच हिशेबाने, खुर्ची न अडवता दिलेली कॅपुचिनो १२० रुपयांत विकली तरी दुकानाच्या हाती ८० रुपये राहतात. उभ्याने १२०, बसून २२० आणि दोन तासांनंतर पुन्हा काहीतरी मागवावे लागेल, एवढे तीन आकडे मेन्यूवर छापले तर सॉकेट झाकायची वेळ येणार नाही. रोज कॉफी पिणारा, पण रोज २२० न देऊ शकणारा नोकरदार आणि विद्यार्थी आज या दुकानांच्या दारातून परत फिरतो, तो आत येईल. ‘स्टेटस’ जाईल अशी भीती काही दुकानदारांना वाटत असेल. पण नुसत्या स्टेटसवर दर महिन्याचे भाडे निघत नाही.

बिल हातात आल्यावर

जीएसटी द्यावाच लागतो. सर्व्हिस चार्ज ही वेगळी गोष्ट. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये तो बिलात आपोआप लावू नये, अशा सूचना काढल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये त्या वैध ठरवल्या. त्यावर हॉटेल संघटनांनी अपील केले. जिथे काउंटरवर स्वतः ऑर्डर द्यायची, नाव पुकारल्यावर स्वतःच कप उचलून आणायचा, तिथे ही ओळ दिसली तर ती काढायला सांगा. नाही काढली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. कप आणणाऱ्याला खुशीने टिप द्यायची असेल तर ती त्याच्या हातात द्या.

घरी न्यायला बीचे पाकीट घेणार असाल तर त्यावर भाजल्याची तारीख बघा. ती महिन्याभरापेक्षा जुनी असेल तर दुसरे पाकीट मागा.