चिकट भाताला नावं ठेवू नका

दिवाळी सरली, धान बांधीतून खळ्यावर आलं, की आमच्या दवनीवाड्यात घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. नवा तांदूळ चिकट होतो, भाताचा गोळा होतो, पोटाला जड पडतो. म्हणून नवं धान ठेवून द्यायचं आणि मागच्या वर्षीचं खायचं. दुकानदारसुद्धा ‘जुना आहे बाई’ म्हणतच दर चढवून सांगतो. पाहुण्यांच्या पानात शीत न् शीत सुटा भात पडला पाहिजे, ही आपल्याकडे घरच्या बाईच्या हाताची परीक्षा. मीही त्यातच वाढले. पण घरी जपानी जेवण शिजवायला लागल्यापासून माझं मत पार बदललं. नव्या तांदळाचा चिकटपणा हा गुण आहे, आणि गोंदिया जिल्ह्यानं तो गुण वाया घालवू नये, असं मला आता ठामपणे वाटतं.

माझी मुलगी नर्सिंग शिकली, जपानी भाषेची परीक्षा पास झाली आणि नीगाता प्रांतात वृद्धांच्या निवासात कामाला लागली. आपल्याकडे गोंदिया-भंडारा, तसं तिकडे नीगाता: भाताचं कोठार. निवासातल्या म्हाताऱ्या बायांनी तिला शिकवलं, तिनं फोनवर मला दाखवलं. मी जपान पाहिलेला नाही. जे काही येतं ते या तीन पिढ्यांच्या बायकांच्या बोलण्यातून आलेलं.

जपानी जेवण म्हटलं की आपल्या लोकांना कच्ची मासोळी आठवते. तिथल्या घरात रोज कोणी ती खात बसत नाही. रोजचं जेवण म्हणजे वाटीभर भात, मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचं) सूप, लोणचं आणि सोबत दोन-तीन वायनं. युनेस्कोनं २०१३ मध्ये जपानी आहारपरंपरेला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं ते या घरगुती ताटासकट. आणि त्या ताटाच्या मधोमध भात आहे. भात बिघडला तर बाकी सगळं व्यर्थ.

तो भात असा होतो. तांदूळ हलक्या हातानं तीन-चार पाण्यांतून धुवायचा, मग अर्धा तास भिजत ठेवायचा, थंडीत तासभर. पाणी तांदळाच्या सव्वापट पुरतं, नवा तांदूळ असेल तर त्याहून थोडं कमी. जाड बुडाचं भांडं, घट्ट झाकण. उकळी फुटली की आच बारीक करायची, दहा-बारा मिनिटांनी बंद करायची आणि पुढची दहा मिनिटं झाकणाला हात लावायचा नाही. आपण भात वेळून पेज काढून टाकतो, इथं पाण्याचा थेंबही बाहेर जात नाही. शेवटी ओल्या उलथण्यानं तळापासून हलकेच वर-खाली करायचा. नव्या तांदळाचा असा भात चकाकतो. एकेक दाणा वेगळा दिसतो, तरी शेजारच्याला धरून असतो.

हाच भात गरम असताना मिठाच्या पाण्यानं हात ओले करून त्रिकोणी दाबला की ओनिगिरी होते. जपानी बाई आत उमेबोशी हे खारवलेलं आंबट फळ घालते. मी वाळवलेल्या कैरीची खुला भिजवून, ठेचून, मीठ लावून घालते आणि वरून भाजलेले तीळ. शेतावर न्यायला, पोरांच्या डब्याला याहून सोपं काही नाही. सहा तासांनी गार खाल्ली तरी मऊच.

मऊ राहण्याचं कारण पिठूळपणात आहे. तांदळातल्या स्टार्चमध्ये अमायलोज नावाचा घटक जास्त असला की भात सुटा होतो आणि गार झाल्यावर टणक पडतो. जपानी तांदळात तो साधारण १७-१८ टक्के असतो, आपल्या बऱ्याच जातींत २५ च्या आसपास किंवा वर. म्हणून आपला प्रत्येक तांदूळ ओनिगिरीला चालतोच असं नाही. ठोकळ धानातही एका जातीचा भात सुरेख बांधला जातो, दुसऱ्याचा हातातून सांडतो. चिन्नोर मऊ होतो, पण त्याचा सुगंध मिसोपुढे मला जास्त वाटतो. तो नुसता दुधाबरोबर खावा. कोणत्या बांधीतलं, कोणत्या जातीचं धान, हे ठाऊक असलं तरच हा स्वयंपाक जमतो. खरी अडचण इथून सुरू होते. घरचं धान संपलं की जिल्हा धानाचा असून नावासकट तांदूळ विकत मिळत नाही.

नीगाताच्या साध्या दुकानातल्या पाच किलोच्या पिशवीवर काय लिहिलेलं असतं, ते मुलीनं मला फोनवर वाचून दाखवलं. जात, प्रांत, कोणत्या वर्षाचं पीक, तांदूळ केव्हा सडला. त्या वर्षीचं पीक ३१ डिसेंबरच्या आत पिशवीत भरलं असेल तरच पिशवीवर ‘नवा तांदूळ’ असं छापता येतं, आणि त्या शब्दांना गिऱ्हाईक जास्त पैसे मोजतं. आपल्याकडे जुन्याला भाव, तिकडे नव्याला. जुन्याला भाव नसावा असं मी म्हणत नाही. मसालेभात नव्या तांदळाचा करूच नये. पण दोन कामांना दोन तांदूळ आहेत, एवढं तरी मान्य व्हावं.

त्यांची कोशिहिकारी ही जात १९५६ मध्ये नोंदली गेली. आज तिथल्या शाळेतल्या पोरालाही ते नाव माहीत असतं. आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे दोन-तीन ओंब्या वेगळ्या दिसल्या म्हणून त्या जपत राहिले आणि त्यातून एचएमटी तांदूळ उभा राहिला. अल्पभूधारक, फारसं न शिकलेला माणूस. त्या तांदळावर व्यापाऱ्यांनी किती कमावलं आणि २०१८ मध्ये दादाजी गेले तेव्हा त्यांची परिस्थिती काय होती, हे विदर्भाला ठाऊक आहे. तांदळाला नाव मिळालं ते घड्याळाचं. आज एचएमटीच्या नावाखाली पोत्यात काय काय भरलेलं असतं, ते शिजवल्यावरच कळतं.

यात शेतकऱ्याचा दोष नाही. आधारभूत खरेदी केंद्रावर धानाला दोनच नावं आहेत, साधारण आणि अ दर्जा. बांधीत जपलेली जात काट्यावर चढली की तिथंच संपते. मग मिलनं क्विंटलमागे अरव्याचे ६७ किलो किंवा उसन्याचे ६८ किलो तांदूळ परत द्यायचे, बस. ही व्यवस्था गरिबाच्या रेशनसाठी आहे, ती हवीच. पण जिल्ह्यातल्या मिलांनी एवढ्यावरच थांबावं का? वैनगंगेपलीकडच्या बालाघाटनं आपल्या चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून घेतलं. नदी एक, माती एक, धान तेच.

आमच्या सासऱ्यांच्या तोंडी ‘जपानी पद्धत’ हा शब्द कायम असायचा. १९५३ मध्ये देशभर जपानी पद्धतीच्या भातशेतीची मोहीम निघाली होती: निवडक बियाणं, गादीवाफ्यावर पऱ्हे, दोरी धरून ओळीत रोवणी, हातकोळपं. त्याच काळात जपानी आणि भारतीय धानाचा संकर करण्याचं कामही कटकच्या संस्थेत चाललं होतं. ज्या मसुरीचं नाव आपण घेतो, तिच्या मुळाशीसुद्धा तैचुंग ६५ ही जपानी वळणाची जात आहे. म्हणजे भात लावायला आपण त्यांच्याकडून सत्तर वर्षांपूर्वीच शिकलो. शिजवायला का शिकू नये?

आता कोंड्याबद्दल, कारण या सगळ्या स्वयंपाकातली मला सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट कोंड्यातली आहे. नीगाताच्या खेड्यांत रस्त्याकडेला माणूस नसलेली छोटी मिल असते. नाणी टाकायची, सालीचा तांदूळ ओतायचा, किती सडायचा ते बटण दाबायचं. बाजूला कोंडा साठलेला असतो, तो ज्याला हवा त्यानं फुकट न्यावा. त्या कोंड्यात बाया भाज्या मुरवतात. आपल्याकडे कोंडा म्हणजे जनावराचं खाद्य नाहीतर तेलाच्या कारखान्याचा माल.

कृती सोपी, निगा मोठी. एक किलो ताजा कोंडा मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजायचा. उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात साधारण १३० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात तो कालवायचा. ओल्या वाळूसारखा झाला पाहिजे. दोन-चार सुक्या मिरच्या खोचून चिनी मातीच्या बरणीत भरायचा. पहिला आठवडाभर कोबीची वरची पानं, मुळ्याचे शेंडे पुरायचे आणि काढून टाकायचे. त्यानं आंबवण जिवंत होतं. पुढे काकडी अर्ध्या दिवसात तयार, मुळा-गाजराला जास्त वेळ. रोज हात घालून तळाचं वर करायचं, एकदाही चुकवायचं नाही. आपला मे महिना त्या बरणीला सोसत नाही, दोन दिवसांत आंबटढाण होते. मोहरीची पूड घालावी आणि बरणी फ्रीजमध्ये ठेवावी. पण दिवाळी ते होळी हा काळ जणू त्यासाठीच घडवलेला आहे.

इथंही मिलची गोष्ट येतेच. जुन्या पद्धतीच्या छोट्या हलरमध्ये तूस आणि कोंडा एकत्र पडतो, तो माणसाच्या कामाचा नाही. तूस वेगळं निघणाऱ्या मिलमधला, अरवा तांदळाचा, त्याच दिवशीचा कोंडा लागतो, कारण त्यात तेल असतं आणि ते लवकर खवट होतं. कोंड्यात जीवही तेवढाच. पांढराशुभ्र तांदूळ खाणाऱ्या जपानी शहरांत बेरीबेरीनं माणसं मरत होती, तेव्हा उमेतारो सुझुकी या शास्त्रज्ञानं १९१० मध्ये कोंड्यातून त्यावरचं तत्त्व वेगळं काढलं. आज आपण त्याला ब-१ जीवनसत्त्व म्हणतो. कोंड्यात मुरलेल्या भाजीत ते उतरतं. आपल्या उसन्या तांदळातही धान उकडताना ते दाण्यात शिरतं. आपल्या बापजाद्यांचा उसना कमी प्रतीचा नव्हता, हे तरुण सुनांना मी आवर्जून सांगते.

बाकीचं सामान तळ्यात आणि रानात आहे. जपानी स्वयंपाकात कमळकंदाच्या जाळीदार चकत्या तेलावर परतून सोया सॉस, किंचित साखर आणि तीळ घालतात. कमळ तेच, आपल्या मालगुजारी तलावांतलं. आपला कंद बारीक आणि जास्त तंतूंचा, म्हणून तिरपा पातळ चिरावा. बेशरमीच्या झुडपांनी तलाव भरले तिथं कमळ हटलं. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारखे लोक बायाबापड्यांना सोबत घेऊन तलावातल्या देशी वनस्पती पुन्हा लावताहेत, ते काम माझ्या लेखी स्वयंपाकघराचंच आहे. वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, जपानी लोक कोंड्याच्या पाण्यात उकळून त्यांचा कडवटपणा घालवतात. मी पावसाळ्यात तसंच करते आणि फरक जिभेला कळतो. धोप्याचा कांदा तिकडेही उकडून रस्सा करून खातात. सुपाच्या पाण्यासाठी ते बारीक सुकी मासोळी वापरतात, मी बाजारातली सुकट, डोकी काढून. विकत आणावं लागतं ते मिसो आणि नीट आंबवलेला सोया सॉस. चायनीजच्या गाडीवरचा काळा सॉस त्या कामाचा नाही. मिसोचा डबा फ्रीजमध्ये महिनोन् महिने टिकतो. फक्त तो आच बंद करून मग सुपात कालवावा, उकळू नये.

नातवंडांना मात्र सगळ्यांत आवडतो तो जपानी करी-भात. जपानकडे करी इंग्रजांमार्फत गेली, म्हणून ती पिठानं दाट केलेली. क्रांतिकारक रासबिहारी बोस टोकियोत आश्रयाला होते. त्यांच्या सासरच्या नाकामुराया या दुकानात १९२७ मध्ये अस्सल भारतीय करी विकायला सुरुवात झाली ती त्यांच्यामुळे. मी लोण्यात कणीक भाजते, घरचा मसाला घालते, बटाटा-गाजर-कांदा शिजवते. चिकट भातावर ती जशी बसते तशी सुट्या भातावर बसत नाही.

‘आपलं काय कमी आहे म्हणून हे?’ असं मला विचारतात. काहीच कमी नाही. आजारी माणसाला ते जी मऊ पेज देतात ती आमच्या घरात आधीपासून आहे. मधुमेह असलेल्यांनी मात्र चिकट भात जपून खावा, अमायलोज कमी म्हणजे साखर लवकर चढते; आमच्या घरी त्यांची वाटी लहान असते.

जपानचंही सगळं आलबेल नाही. १९६२ मध्ये तिथला माणूस वर्षाला ११८ किलो तांदूळ खायचा, आता त्याच्या निम्माही खात नाही. तरी २०२५ मध्ये पाच किलोची पिशवी चार हजार येनच्या वर गेली तेव्हा देश हादरला. ‘मी तांदूळ कधी विकत घेतलेला नाही’ असं बोलून गेलेल्या कृषिमंत्र्यांना पद सोडावं लागलं. तांदळाबद्दल बेफिकिरीनं बोललेलं तिथं खपत नाही.

माझं मागणं छोटं आहे. जिल्ह्यातल्या मिलमालकांनी आणि बचत गटांनी यंदाच्या धानापासून थोडा तांदूळ वेगळा भरडावा. पाच किलोची पिशवी; वर धानाची जात, गाव, हंगाम आणि भरडाईची तारीख. सोबत त्याच दिवशीचा चाळलेला कोंडा अर्धा किलो. सुरुवातीला गोंदिया आणि नागपूरच्या दुकानांत ठेवून पाहा. नागपुरात मूळच्या जपानी सुरेई ससाई भंतेजींमुळे आणि कामठीत ड्रॅगन पॅलेस बुद्धविहारामुळे जपानशी घरोबा असलेली कितीतरी कुटुंबं आहेत. त्यांना हा तांदूळ हवाच असेल. आमच्या बाजूच्या मिलवाल्याशी मी बोलले आहे. मशीन साफ करून दोन पोती वेगळी काढायला तो तयार आहे, फक्त किलोमागे दोन रुपये भरडाई जास्त मागतो. मी ते देणार आहे.