मोठा डोस मिळेल. पण प्लेटलेट कोण देणार?

दरवर्षी १४ एप्रिलला आपण वस्तीवस्तीत रक्तदान शिबिरे घेतो. तरुण रांगा लावून रक्त देतात, याचा आम्हाला अभिमान आहे. पण गेल्या मे महिन्यात आमच्याच वस्तीतल्या एका तरुणाला अक्यूट ल्युकेमिया, म्हणजे झपाट्याने वाढणारा रक्ताचा कर्करोग झाला. तपासणीत आजार अवघड गटातला निघाला. वडिलांनी डॉक्टरांना हात जोडले, "साहेब, सगळ्यात मोठा डोस द्या, पैसे आम्ही उभे करतो." त्यानंतरचे तीन आठवडे ते कुटुंब प्लेटलेटसाठी धावत होते. शिबिरे घेणारे आम्ही. पण आम्हालाही चार दाते वेळेवर उभे करता आले नाहीत. म्हणून हे लिहितो आहोत.

आधी मोठ्या डोसबद्दल. या आजाराच्या मायलॉइड प्रकारात सायटाराबिन हे मुख्य औषध. आजार एकदा आटोक्यात आला की तो उलटू नये म्हणून तेच औषध कित्येक पटींनी जास्त देतात. १९९४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ६० वर्षांपर्यंतच्या रुग्णांपैकी आजार न उलटता चार वर्षे जगलेल्यांचे प्रमाण लहान डोसवर २४ टक्के, तर मोठ्या डोसवर ४४ टक्के होते. साठीच्या पुढच्यांना मात्र मोठ्या डोसाचा फायदा झाला नाही. १९९८ साली त्याच रुग्णांची गुणसूत्रांनुसार विभागणी केली, तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. सर्वांत जास्त फायदा चांगल्या गटातल्या रुग्णांना झाला होता. अवघड गटातल्यांना डोस वाढवूनही फारसे काही मिळाले नव्हते.

म्हणजे ज्यांचा आजार सर्वांत वाईट, त्यांना नुसता मोठा डोस पुरत नाही. अशा रुग्णाचा आजार आटोक्यात आला आणि प्रकृतीने साथ दिली, तर खरी आशा असते ती दुसऱ्याची अस्थिमज्जा बसवण्यात, म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांटमध्ये. भारतात हे उपचार १९८३ साली मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये सुरू झाले. सख्ख्या भावाची किंवा बहिणीची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. आता अर्धी जुळणारी मज्जाही चालू शकते, त्यामुळे आई, वडील किंवा मूलही दाता होऊ शकते.

म्हणून कर्ज काढण्याआधी, दागिने मोडण्याआधी डॉक्टरांना विचारा: गुणसूत्रांच्या तपासणीचा रिपोर्ट काय आला? आजार कोणत्या गटातला आहे? या डोसाने किती फायदा अपेक्षित आहे, आणि पुढे ट्रान्सप्लांट करायचे आहे का? रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जाऊन महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेतून काय मिळेल, तेही विचारा. प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे. तपासून मगच स्वीकारायचे, हे तर आपल्याला तथागतांनीच शिकवले आहे.

आता प्लेटलेटचे. केमोथेरपीने कर्करोगाच्या पेशींबरोबर मज्जेतल्या चांगल्या पेशीही मरतात. त्यानंतर दोन-तीन आठवडे रुग्णाचे शरीर रक्त तयार करत नाही. साध्या तापाने जीव जाऊ शकतो. प्लेटलेट १० हजारांच्या खाली गेल्या की मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते. त्या पुन्हापुन्हा द्याव्या लागतात, आणि रक्तपेढीत त्या साधारण पाचच दिवस टिकतात. १४ एप्रिलच्या प्लेटलेट २० एप्रिलला उपयोगी नाहीत.

"मग घरचे देतील की," असे कुणी म्हणेल. इथेच पुष्कळांची चूक होते. ज्या भावाची मज्जा उद्या बसवायची असेल, त्याने आज त्याच रुग्णाला रक्त किंवा प्लेटलेट न देणे बरे. तसे दिल्यास रुग्णाच्या शरीरात त्याच्या पेशींविरुद्ध प्रतिकार तयार होऊन पुढे मज्जा नाकारली जाऊ शकते. म्हणजे सख्ख्यांनी थांबायचे असते आणि शेजाऱ्यांनी पुढे यायचे असते.

आमचे मत स्पष्ट आहे. शिबिरे जरूर घ्यावीत, पण ती सगळी १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरलाच नकोत. वर्षभर विभागून घ्यावीत. प्रत्येक विहारात प्लेटलेट देणाऱ्यांची यादी असावी: नाव, रक्तगट, फोन. मशीनवर प्लेटलेट द्यायला तास-दीड तास लागतो. लाल रक्त दात्याच्या अंगात परत जाते, म्हणून निरोगी माणूस थोड्याच दिवसांत पुन्हा देऊ शकतो. अशा एका दात्याच्या प्लेटलेट साध्या रक्तदानातल्या पाच-सहा दात्यांइतक्या भरतात. आधीचे तीन दिवस ॲस्पिरिनची गोळी मात्र घेतलेली नसावी.

त्या बापाने डोसासाठी पैसे उभे केले होते. माणसे उभी करणे आपले काम होते. यादीचा पहिला कागद आम्ही आमच्या विहारात लावला आहे. आज त्यावर अकरा नावे आहेत. तुमच्या विहारात किती असतील?