विश्लेषण : शूटिंगमध्ये पाय मोडला तर कायदा, फडावर मोडला तर उसनवारी?

नोव्हेंबर 2025 मध्ये दोन बातम्या एकाच सुमारास आल्या. पहिली सगळ्यांच्या मोबाइलवर पोहोचली : 'ईठा' या हिंदी चित्रपटासाठी नाशिक परिसरात लावणीचे चित्रीकरण सुरू असताना अभिनेत्री श्रद्धा कपूर हिच्या पायाला दुखापत झाली आणि शूटिंग थांबवावे लागले. दुसरी फारशी कोणी वाचली नाही : 21 नोव्हेंबरपासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या.

'ईठा' हा तमाशासम्राज्ञी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्या जीवनावरचा चित्रपट. म्हणजे पडद्यावरची विठाबाई जखमी झाली. आता हीच दुखापत आंबेगाव तालुक्यातल्या एखाद्या जत्रेत, खऱ्या फडावर, खऱ्या नर्तकीला झाली असती तर?

चित्रपटाच्या सेटवर काय संरक्षण असते?

मोठ्या चित्रपटांचा विमा उतरवला जातो. सुभाष घई यांच्या 'ताल'पासून (1999) हिंदीत ही पद्धत रुळली. मात्र यातली एक गोम लक्षात घ्यायला हवी. प्रमुख कलाकार जखमी होऊन चित्रीकरण थांबले, तर त्या विम्याचे पैसे निर्मात्याला मिळतात, कारण वाया गेलेले दिवस त्याचे असतात. कलाकाराच्या उपचारासाठी अपघात विमा वेगळा काढावा लागतो. स्टंट करणाऱ्यांना तो मिळणेही अवघड होते. अक्षय कुमारने पुढाकार घेऊन त्यांच्यासाठी विमा सुरू केला, तो यामुळेच.

पण विमा नसला तरी सेटवर कायदा असतो. 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याला एक यादी जोडलेली आहे. त्या यादीतल्या कामात अपघात झाला, तर चूक कोणाची हे न पाहता मालकाला भरपाई द्यावी लागते. चित्रपटनिर्मितीत काम करणारे त्या यादीत आहेत. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने पुढचे पाऊल टाकले. 'दृकश्राव्य कामगार' या व्याख्येत तिने अभिनेते, गायक, वादक, नर्तक, स्टंट कलाकार असे सगळे घेतले. टीव्ही मालिका, वेब सीरिज, रिअॅलिटी शोसुद्धा त्यात आले. लेखी करार सक्तीचा झाला आणि त्यात सुरक्षितता, कामाचे तास, आरोग्य यांचा उल्लेख आवश्यक ठरला.

मग तमाशा कलावंत कुठे आहेत?

1923 च्या यादीत सर्कस आहे. हत्ती आणि वन्य प्राण्यांना सांभाळणारे आहेत. ताडाच्या झाडावर चढणारे आहेत. तमाशा नाही.

गंमत पुढे आहे. मोटार वाहन चालवणारे यादीत असल्यामुळे फडाच्या ट्रकचा ड्रायव्हर भरपाई मागू शकतो. त्याच फडातली नर्तकी, ढोलकीवाला, सोंगाड्या मात्र नाही. जुन्या कायद्याची जागा आता सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ने घेतली, पण यादीची पद्धत कायम राहिली. घरून कामावर जाता-येता झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध असेल तर, आता कामावरचा मानला जाईल. ही सुधारणा रात्रीच्या रात्री गाव बदलणाऱ्या फडाला सर्वात उपयोगी पडली असती. पण आधी यादीत नाव हवे.

दृकश्राव्य व्याख्येतून वाट काढता येईल का? आज बहुतेक वगनाट्ये कोणी ना कोणी यूट्यूबसाठी चित्रित करतोच. मग तो प्रयोग 'दृकश्राव्य निर्मिती' ठरतो का, हा वकिलांना पुरेल असा प्रश्न आहे. नर्तकीच्या घोट्याला तो पुरणार नाही.

फडावर धोका नेमका कुठे?

जुन्नर तालुक्यातले नारायणगाव ही तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमारास पुणे-नाशिक महामार्गालगत फडमालकांच्या राहुट्या लागतात. जत्रा समित्यांची माणसे तिथे येतात, तारखा आणि सुपारी ठरते. हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि वैशाखापर्यंत चालतो. मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसे असतात. रोज नवे गाव, रोज नव्याने उभारलेला रंगमंच, तात्पुरती वीजजोडणी, मध्यरात्रीनंतर आवराआवर आणि पुन्हा प्रवास.

या प्रवासातच मोठी मेख आहे. सामानाच्या ट्रकमध्ये माणसेही बसतात. मालवाहू वाहनातून जाणाऱ्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये आशा राणी प्रकरणात दिला. गाडीतला माणूस मालकाचा कर्मचारी आहे हे सिद्ध झाले तर चित्र बदलते. पण नेमणूकपत्र कुठे असते? असते ती उचलीची नोंद.

हंगामाआधी कलावंत फडमालकाकडून उचल घेतो आणि ती कामातून फेडतो. फडमालकही अनेकदा सावकाराकडून व्याजाने आणलेला पैसाच वाटत असतो. त्यामुळे कलावंत जखमी होऊन घरी बसला की उपचाराचा खर्च वाढतो, कमाई थांबते आणि उचल मात्र तशीच उभी राहते.

यादीत नसल्याने किती पैसे जातात?

जुन्या कायद्याच्या सूत्राने हिशेब करू. 2020 पासून भरपाईसाठी महिन्याचा पगार कमाल 15 हजार रुपये धरला जातो. 25 वर्षांच्या व्यक्तीसाठी गुणक 216.91 आहे. मृत्यू झाल्यास पगाराच्या निम्म्याला या गुणकाने गुणायचे : 16 लाख 26 हजार 825 रुपये. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास पगाराचा 60 टक्के भाग धरून 19 लाख 52 हजार 190 रुपये. पाय मोडून दोन महिने घरी बसावे लागले, तर दर पंधरवड्याला पगाराचा पाव हिस्सा, म्हणजे सुमारे 15 हजार रुपये.

सरकारी योजना आहेत की!

आहेत, पण त्यांचे काम वेगळे आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. बुडालेली मजुरी मिळत नाही. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी 2 लाख आणि एक हात, पाय वा डोळा गमावल्यास 1 लाख मिळतात. हाड मोडले तर काही नाही. ज्येष्ठ कलाकारांना महिन्याला 5 हजारांचे मानधन आहे, पण ते पन्नाशीनंतर. नाचणाऱ्या पायांचे वय त्याआधीचे असते.

राज्याला काय करता येईल?

धोकादायक व्यवसायांची यादीत भर घालण्याचा मार्ग कायद्यातच आहे. पूर्वसूचना देऊन अधिसूचना काढावी लागते. विम्याचा दाखलाही घरचाच आहे. 2023 मध्ये राज्य सरकारने 50 हजार गोविंदांचा विमा उतरवला, हप्ता माणशी 75 रुपये, एकूण साडेसदतीस लाख. अपघाती मृत्यूसाठी 10 लाखांचे संरक्षण होते. तमाशाचा हंगाम सात महिन्यांचा, त्यामुळे हप्ता 75 रुपयांत बसणार नाही. पण इथे डोकी 50 हजारांपेक्षा फारच कमी आहेत.

जुन्नर-आंबेगावच्या जत्रेत दिवसा बैलगाडा शर्यत आणि रात्री तमाशा हे ठरलेले. शर्यतीत उतरणाऱ्या बैलाला पशुवैद्यकाचा तंदुरुस्तीचा दाखला लागतो. रात्री त्याच गावात नाचणारीसाठी असा एकही कागद मागितला जात नाही.

विठाबाईंची एक आठवण नेहमी सांगितली जाते. ऐन प्रयोगात कळा सुरू झाल्या, पडद्यामागे जाऊन त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. आपण हा प्रसंग निष्ठेची कहाणी म्हणून ऐकतो. कामगार कायद्याच्या नजरेने पाहिले तर तो रजा आणि वैद्यकीय मदत नसलेल्या कामगाराचा दिवस होता. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवलेल्या या कलावतीचे 2002 मध्ये निधन झाले, तेव्हा रुग्णालयाचे बिल देणगीदारांच्या मदतीने भागवावे लागले. 2006 पासून राज्य सरकार त्यांच्या नावाने तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार देते.

तोवर कलावंतांनी काय करावे?

उचल, पगार आणि कामाचे दिवस यांची सहीसह नोंद स्वतःजवळ, निदान मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावी. अपघात झाला की पोलिसांतील नोंद आणि दवाखान्याचे कागद त्याच दिवशी घ्यावेत. 20 रुपयांच्या विम्याचे वर्ष 1 जूनला सुरू होते. हप्ता आपोआप कापला जावा म्हणून मे महिन्यात खात्यात तेवढे पैसे ठेवावेत. आणि राहुटीत सुपारीचा कागद होतो, तेव्हा मांडव, वीज आणि बंदोबस्त कोणाकडे हे ठरतेच. त्याच कागदावर अपघाताचा खर्च कोणाकडे, ही ओळ घालायला कोणत्याही अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही.