‘लहान’ विषयांची कविता

ईव्हन बोलंड ह्या आयरिश कवयित्रीची कविता सुबक खरी, परंतु तिचा आवांका लहान. तान्हें मूल, रात्रीचें दूध, डब्लिनच्या उपनगरांतलें घर, यांपुढें ती जात नाहीं, असा आक्षेप त्यांच्या हयातींत घेतला गेला. २०२० सालीं त्या वारल्या, तरी आमच्या प्राध्यापक मंडळींच्या तोंडीं तो आहेच. आक्षेपकांनीं बोलंडबाईंचें गद्य उघडूनही पाहिलेलें दिसत नाहीं.

विद्यार्थिदशेंत त्या ॲकिल बेटावर अभ्यासासाठीं जाऊन राहिल्या होत्या. तेथें एक वृद्ध स्त्री त्यांना पाणी आणून देई. १८४५ पासूनच्या दुष्काळांत तेथील लोकांचे काय हाल झाले, तें त्यांनीं तिच्याच तोंडून ऐकलें. आणि मग आंत जाऊन इंग्रज दरबारी कवींच्या अभ्यासास लागल्या! इतिहास पाण्याची बादली घेऊन दारांत उभा होता आणि आपण तो ओळखला नाहीं, ही बोच त्यांच्या पुढील लेखनाच्या मुळाशीं आहे. (आम्हांला आमचें बी. ए. चें वर्ष आठवलें, असो.)

आयरिश साहित्यांत स्त्रीला मान नव्हता असें कोण म्हणेल? तेथें देशालाच स्त्री करून टाकलें होतें. १९०२ सालच्या ‘कॅथलीन नी हूलिहन’ नाटकांत आयर्लंड म्हातारीच्या वेषानें घरीं येतें आणि लग्न ठरलेल्या तरुणाला रणांत घेऊन जातें. (लेखनांत लेडी ग्रेगरीचा हात होता, पण नांव येट्सचें झालें!) अशा देवतेला भूक लागत नाहीं, तिचें मूल रात्रीं रडत नाहीं. बोलंडबाईंनीं मूल रडतें ठेवलें. ‘नाइट फीड’ (१९८२) मधील पहाटे दूध पाजणारी आई म्हणजे ह्या देवतेला दिलेलें उत्तर आहे, आणि तें ज्याला ऐकूं येत नाहीं त्यानें आवांक्याची भाषा करूं नये.

१९९१ सालीं ‘फील्ड डे’ ह्या संस्थेनें शेमस डीन यांच्या संपादकत्वाखालीं आयरिश साहित्याचा त्रिखंड संग्रह काढला. पानें चार हजारांवर; आणि लेखिकांना जागा इतकी तुटपुंजी कीं गहजब उडाला. भरपाईचे दोन खंड निघाले, तेही २००२ सालीं. डीन थोर विद्वान, स्वतः कवि. चूक त्यांनीं कबूल केली. मनांत आकस नसतांनाही एवढें साहित्य चाळणींतून गळावें, हेंच आम्हांस भयंकर वाटतें.

बोलंडबाईंचें गद्य पुष्कळदां तेंच तेंच सांगतें, हें आम्ही मान्य करतों. परंतु ज्यांनीं पहिल्या खेपेस ऐकलेंच नाहीं, त्यांनीं पुनरुक्तीची तक्रार कशाला करावी?